कलादालनात वाळवंट आणि भारतीय चित्रपरंपरा एकत्र कशी मांडावी?

तुम्ही लिहिलंय की वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचं छोटं दालन तुम्हाला मिळालंय. एका भिंतीवर तुमच्या भागातल्या हौशी चित्रकारांची वाळवंटावरची चित्रं लागणार आहेत आणि समोरच्या भिंतीसाठी भारतीय चित्रपरंपरेतलं काहीतरी हवंय. अशी सार्वजनिक दालनांतली प्रदर्शनं लावायला मी वर्षानुवर्षं मदत करत आलोय, म्हणून अगदी मनापासून सांगतो: समोरच्या भिंतीवर पुन्हा उंट, पगडी आणि सूर्यास्त लावू नका.

थरच्या वाळवंटातल्या लोकांनी स्वतःसाठी जे रंगवलं, त्यात वाळू फारशी नाहीच. बिकानेरच्या जुनागड किल्ल्यातला बादल महाल बघा. भिंतींवर निळे ढग दाटलेत, त्यांत विजा आणि खाली पावसाच्या धारा. नागौरला 18व्या शतकात तिथला राजा बखतसिंह याच्या काळात जी चित्रं झाली, त्यांत हौद, कारंजी आणि दाट बागा आहेत. जिथे पावसासाठी डोळे आभाळाकडे लागलेले असतात, तिथल्या चिताऱ्यानं पाणी रंगवलं. नागौर-जोधपूरची ही चित्रं 2008 साली वॉशिंग्टनला मोठ्या प्रदर्शनात गेली होती. मूळ चित्रं तुम्हाला मिळणार नाहीत, पण रीतसर परवानगी घेऊन दोन-तीन मोठ्या छापील प्रती लावता येतील. हौशी चित्रकारांच्या वाळूसमोर हे पाणी आलं की बघणारा आपोआप थांबतो.

पण माझा खरा जीव फडीवर आहे, म्हणजे राजस्थानातल्या कथा सांगणाऱ्या चित्रपटावर. तुमचे बहुतेक पैसे आणि जागा तिलाच द्या.

पाबूजी हे राजस्थानचे लोकदेव. त्यांची फड हा साधारण 15 फूट लांब आणि 4-5 फूट उंच असा कापडी पट. जाड सुती कापडाला खळ लावायची, दगडानं घोटून ते गुळगुळीत करायचं आणि मग रंग भरायचे: अंगाला नारिंगी, कपड्यांना लाल, झाडांना हिरवा, पाण्याला निळा. भिलवाडा-शाहपुऱ्याच्या जोशी घराण्यांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं. त्यांतल्या श्रीलाल जोशींना 2006 मध्ये पद्मश्री मिळाली. सगळ्यात शेवटी नायकाचे डोळे रंगवतात आणि तिथून पुढे तो पट म्हणजे देऊळच. भोपा, म्हणजे पाबूजींचा पुजारी-गायक, तो गुंडाळून रेबारी पशुपालकांच्या वस्तीवर नेतो, अंधार पडल्यावर उलगडतो आणि रावणहत्ता हे तंतुवाद्य वाजवत रात्रभर कथा गातो. त्याची बायको, भोपी, दिवा धरून जो प्रसंग चालू असेल तेवढाच भाग उजळते. माणसं गुरांमागे फिरणारी, म्हणून देवही गुंडाळून नेता येईल असा. वाळवंट इथे रंगवलेलं नाही, पटाच्या घडणीतच आहे. आणि उंट हवेच असतील, तर पाबूजींनी पुतणीच्या लग्नासाठी लंकेहून उंटिणी आणल्याचा प्रसंग याच पटावर सापडेल.

हे मांडताना दोन गोष्टींवर अडून बसा. एक म्हणजे पटाचे तुकडे करून चौकटीत बसवू नका. त्यावरचे प्रसंग काळाच्या क्रमानं लावलेले नसतात, जागेनुसार असतात: पाबूजींचा दरबार मध्ये, दूरची ठिकाणं कडेला. तुकडा पाडला की हा नकाशाच मोडतो. दुसरं, उजेड. त्या भिंतीवरच्या ट्यूबलाइट बंद करा आणि स्वयंसेवकाच्या हातात मंद प्रकाशाची बॅटरी देऊन एकेक प्रसंग उजळत गोष्ट सांगायला लावा. मुलं जमिनीवर बसून ऐकतात, मोठेही खुर्च्या सोडून पुढे सरकतात.

तुम्ही महाराष्ट्रात आहात, तर शेजारी कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी जरूर ठेवा. ठाकर समाजाची ही कला. पोथीतली चित्रं एकामागून एक दाखवत रामायण-महाभारतातली आख्यानं गायची. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये यासाठी पद्मश्री जाहीर झाली. फडीत सगळी कथा एकाच वेळी समोर असते आणि दिवा फिरतो. चित्रकथीत चित्र बदलतं आणि माणसं जागेवरच असतात. हा फरक शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. कच्छच्या निरोणा गावचं एरंडेल तेलातल्या रंगांचं रोगणकामही सुंदर आहे, पण एवढ्याशा दालनात त्याची गर्दी करू नका.

मानधनाचं आधी ठरवा. भोपा किंवा चित्रकथी सादर करणारे कलाकार बोलावणार असाल, तर प्रवास, राहणं आणि बिदागी अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहा आणि रंगवणाऱ्याचं नाव प्रायोजकाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात लावा. पूर्ण मापाची फड नव्यानं करून घ्यायची असेल तर चिताऱ्याशी आत्ताच बोला. ते काम घाईत होत नाही. प्रदर्शन संपल्यावर ती घडी घालून कपाटात ठेवू नका, घडीवर रंगाला तडे जातात. नळीवर सैल गुंडाळा.