जावास्क्रिप्टमध्ये एटॅन(०.५) चं उत्तर २६ ऐवजी ०.४६ का येतं? आणि मध्येच 'नॅन' ('ही संख्या नाही' असा शेरा) का दिसतं?

एटॅन म्हणजे उंची भागिले आडवं अंतर यावरून कोन काढणारं फंक्शन. तुमचं ०.४६ चुकलेलं नाही, ते रेडियन आहेत, म्हणजे कोन मोजायचं अंशांसारखंच दुसरं माप. त्याला १८० ने गुणून मॅथ.पीआयने (म्हणजे पायने, ३.१४ने) भागा, २६.५७ अंश येतील. (कोड अर्थात इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचा, इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय.) पीएचपीत यासाठी रॅडटूडेग तयार मिळतं, जावास्क्रिप्टमध्ये हा गुणाकार आपणच करायचा.

मीही इथंच आपटलो होतो. माझे मामा खानापूरकडे सुतार आहेत. कौलारू छपराचा उतार ते 'फुटाला सहा इंच' असा सांगतात, पण नव्या कटिंग मशीनवर आकडे अंशांचे. म्हणून मोबाइलवर चालेल असं छोटं पान करून दिलं. सहा भागिले बारा, त्याचं एटॅन, पडद्यावर ०.४६. मामा म्हणाले, "अरे, अर्ध्या अंशाच्या छपरावरनं पाणी खाली उतरतंय कुठलं, तिथंच मुक्काम करतंय!"

दुसरा घोळ आढ्याच्या पलीकडच्या पाख्याचा. तिथं आडवं अंतर उणे १२ धरलं की ६ भागिले उणे १२ म्हणजे उणे अर्धा, आणि एटॅन उणे २६.५७ अंश देतं. भागाकार झाल्यावर उणे चिन्ह उंचीचं होतं की अंतराचं, हे त्याला कळणार कसं? सेकंड पीयूसीला (कर्नाटकातली बारावी) मुख्य मूल्याची शाखा घोकली होती, ती इथं भेटली: एटॅन उणे ९० ते ९० च्या बाहेर जातच नाही. म्हणून एटॅन२ वापरा. त्याला दोन्ही आकडे वेगवेगळे द्यायचे, आधी उंची, मग अंतर. मॅथ.एटॅन२(६, -१२) चे अंश केले की १५३.४३ येतात. हा क्रम उलटा करणारे पुष्कळ भेटतील, मीही केलाय.

आता 'नॅन'. असाइन आणि एकॉस म्हणजे साइन आणि कोसाइनवरून कोन काढणारी फंक्शनं, त्यांना उणे १ ते १ मधलाच आकडा चालतो. छपराच्या कोनाचा साइन म्हणजे उंची भागिले वाशाची लांबी. मामांनी वाशाची लांबी ११ फूट टाकली आणि उंची ६० इंच. साठ भागिले अकरा, पाचाच्या वर! दोन्ही फुटांत घेतलं, ५ भागिले ११, की २७.०४ अंश. कधी मात्र चूक तुमची नसते: दशांशांच्या हिशेबात १ च्या जागी १.०००००००००००००००२ येतं आणि तेवढ्यानंही 'नॅन' होतं. तिथं मॅथ.मिन आणि मॅथ.मॅक्सने आकडा १ वर आणि उणे १ वर अडवा.

पण सरसकट अडवू नका. मी तसं केलं तेव्हा मामांच्या साठ इंचांना पानानं ९० अंश सांगितले, म्हणजे वासा खांबासारखा उभा.