पाय आखूड असतील तर गार्डमधून ट्रँगल चोक लागतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही यवतमाळकडचे मातीतले पैलवान, उंची कमी, मांड्या जाड. वर्षभरापासून मोबाइलवर बघून मित्रासोबत जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवरच्या धरपकडीचा खेळ, करता. गार्डमधून, म्हणजे पाठीवर पडून समोरच्याला दोन पायांमध्ये धरलेलं असताना, ट्रँगल, म्हणजे पायांच्या कैचीत मान आवळायचा डाव, लावायला गेलं की पाय अडकत नाही, अडकला तर मित्र मान काढून घेतो, नाहीतर तुम्हालाच उचलतो. पायाचा जोर कमी पडतो का, शिकवणारा नसताना हे करावं का आणि गोगोप्लाटा, म्हणजे नडगीने घसा दाबायचा डाव, सोपा पडेल का, असं तुम्ही विचारलंय.

ट्रँगल लागतो भाऊ. मी अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत खेळ शिकवतो आणि संध्याकाळी ज्युदो घेतो. आमच्याकडे ज्या पोरीचा ट्रँगल सगळ्यात पक्का बसतो ती बुटकी आहे, आणि तिच्यापेक्षा हातभर उंच पोट्टे तिच्या पायांत टॅप करतात, म्हणजे थापटून हार मानतात. मांडीच्या जोरात ती त्यांच्या जवळपासही नाही. ती कंबर वळवते आणि समोरच्याची मान वर येऊ देत नाही. तुमचा डाव या दोन जागीच सुटत असणार, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं.

आधी मातीतल्या सवयीबद्दल बोलतो, कारण घोडं तिथं अडतं. कुस्ती खेळलेला पोरगा आमच्याकडे आला की पहिल्याच दिवशी विचारतो, ‘सर, पाठ टेकली मंग हरलोच ना आपण?’ त्याचं बरोबर आहे. चीत होणं म्हणजे हार, हे त्याच्या अंगात लहानपणापासून भिनलेलं असतं. म्हणून गार्डमध्ये पाठीवर असतानाही तो मनाने निसटायच्या बेतात असतो. मान ताठ, खांदे उचललेले, पाय जमिनीत रोवून ब्रिज मारायची, म्हणजे कंबर उचलून पाठ सोडवायची, तयारी. पाय जमिनीवर रोवले की कंबर जखडते, आणि ट्रँगल तर सगळा कंबरेवर चालतो. म्हणून काही दिवस डाव बाजूला ठेवा. पाठीवर पडा, गुडघे छातीकडे घ्या, कंबर दोन्हीकडे फिरवा, तळपाय मित्राच्या कमरेवर ठेवून स्वतःला सरकवा. पाठ टेकलेली असताना आपण हल्ला करतोय असं अंगाला वाटू लागेपर्यंत हेच करा.

जोरवाल्या माणसाला खालून पायाने बांधता येतं याचे दाखले भरपूर आहेत. १६ डिसेंबर १९९४ ला यूएफसी या अमेरिकेतल्या मिश्र लढतींच्या चौथ्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत डॅन सेव्हर्न नावाचा अमेरिकन कुस्तीगीर जिउ-जित्सूवाल्या रॉयस ग्रेसीच्या गार्डमध्ये वर होता. वजन ११५ किलोच्या वर, आणि खालचा रॉयस ८० किलोच्या आसपास. जवळपास १६ मिनिटं रॉयस खाली पडून होता आणि शेवटी त्याने ट्रँगल लावून सेव्हर्नला टॅप करायला लावलं. २६ जून २०१० ला ब्राझीलच्या फाब्रिसिओ व्हेर्डुमने रशियाच्या फेडोर इमेलियानेंकोला ६९ सेकंदांत ट्रँगल आणि आर्मबार, म्हणजे कोपर उलटा ताणायचा डाव, एकत्र लावून हरवलं. ती लढत जरूर बघा. व्हेर्डुम खाली पडतो आणि फेडोर ठोसे मारायच्या ओढीने स्वतःच त्याच्या पायांत शिरतो. वरच्याची घाई हा खालच्याचा सगळ्यात मोठा फायदा असतो. पैलवानाला पट दिसला की हात आपोआप पुढे जातो, म्हणून पैलवान मित्रावर ट्रँगलची संधी जास्त मिळते.

आता डाव. ज्युदोत याला सान्काकु-जिमे म्हणतात. जपानमधल्या विद्यार्थ्यांच्या कोसेन ज्युदोत, जिथे जमिनीवर वाटेल तितका वेळ लढता यायचं, तिथे १९२० च्या दशकात हा पुढे आला. समोरच्याची मान आणि एक हात तुमच्या पायांच्या आत असतो, दुसरा हात बाहेर. मानेच्या एका बाजूला तुमची मांडी दाबते, दुसऱ्या बाजूला त्याचा स्वतःचाच आत अडकलेला खांदा. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन्ही बाजूंच्या रोहिण्या दाबल्या गेल्या की साधारण दहा सेकंदांच्या आत माणूस बेशुद्ध होतो. श्वास कोंडण्याशी याचा फारसा संबंध नाही. बरेच जण इथेच फसतात. मांडी गालावर किंवा जबड्यावर बसते, समोरच्याचा चेहरा लाल होतो, त्याला दुखतंही, आणि आपल्याला वाटतं डाव लागला. लागलेला नसतो.

समजा तुम्ही उजवा पाय मानेवर टाकताय. मित्र तुमच्या दोन्ही पायांमध्ये गुडघ्यांवर आहे. पहिलं काम त्याला वाकवणं. डोक्याच्या मागे हात घालून आणि गुडघे छातीकडे ओढून त्याचं डोकं आपल्या छातीवर आणा. तो ताठ बसलेला असताना पाय टाकलात की तो उठून उभाच राहणार. मग त्याच्या डाव्या हाताचं मनगट त्याच्याच पोटाकडे दाबा आणि त्या हातावरून उजवा पाय बाहेर काढून डाव्या खांद्यावर न्या. त्याचा उजवा हात आत राहिला. पाय खांद्यावर राहून चालत नाही. गुडघ्याची खळगी मानेच्या बाजूला चिकटली पाहिजे आणि पोटरी मानेवर आडवी गेली पाहिजे.

इथे तुमच्यासारख्या जाड मांडीच्या माणसाचा पाय पुरत नाही, आणि इथेच तो मोह होतो: स्वतःच्या पायाची बोटं धरून जोराने ओढायची. ते करू नका, घोटा मुरगळतो. नडगी धरा, घोट्याच्या वरची. डाव्या हाताने उजवी नडगी पकडली की पाय मानेवर टिकतो आणि तुम्हाला सरकायला वेळ मिळतो.

मग डावा तळपाय त्याच्या कमरेवर ठेवा, तिथून रेटा घ्या आणि स्वतःचं डोकं उजवीकडे न्या. उजवा हात त्याच्या डाव्या मांडीखाली घालता आला तर वळणं आणखी सोपं. त्याचा डावा कान समोरून दिसायला लागला की समजा कोन जमला. समोरासमोर असताना तुमच्या पायाला त्याच्या खांद्यांची सगळी रुंदी ओलांडावी लागते. आडवं झालात की फक्त मान ओलांडायची उरते. आखूड पायाचं उत्तर एवढंच आहे. लांब पायाचा माणूस कोन न घेताही कुलूप लावून टाकतो, म्हणून त्याचा ट्रँगल कित्येकदा सैल असतो. तुम्हाला कोन घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि त्यामुळे तुमचा लागेल तेव्हा घट्ट लागेल.

कुलूप म्हणजे उजवा घोटा डाव्या गुडघ्याच्या खळगीत, आणि डावी टाच खाली आपल्या पार्श्वभागाकडे ओढलेली. उजव्या पायाची बोटं नडगीकडे वळवून ताठ ठेवा, पाय सैल सोडू नका. आता गुडघे एकमेकांकडे आवळा, कंबर वर उचला, दोन्ही हातांनी डोकं खाली ओढा. आत अडकलेला हात ओढून आडवा केला तर चांगलंच, पण तिथे हट्ट धरू नका. खांदा मानेला दाबतोय का, तेवढं बघा. अडकित्त्यात सुपारी टोकाशी धरून कितीही दाबा, फुटत नाही, आणि खिळीजवळ सरकवली की सहज फुटते. मान तशी खोलवर, मांडीच्या मुळाकडे यायला हवी. मान गुडघ्यांच्या टोकाशी असताना जोर लावणारे थकतात आणि मग म्हणतात पायात दम नाही.

एवढं करूनही कुलूप बसत नसेल तर त्या क्षणी ट्रँगल सोडा. आत अडकलेला हात समोरच आहे, आर्मबारला जा. तो हात बाहेर ओढून पळायला लागला तर ओमोप्लाता, म्हणजे पायाने खांदा पिळायचा डाव. व्हेर्डुमच्या लढतीतही फेडोरला मान आणि हात दोन्हीकडून धोका होता. कुस्तीत ढाक फसली की कलाजंग, असा एकाला एक डाव जोडतातच की.

मित्र उचलतो म्हणालात. तो उभा राहायला लागला की लगेच त्याची एक पोटरी हाताने धरा, उचलणं अवघड जातं. तरी जमिनीवरून पूर्ण सुटलात तर पाय सोडून खाली या. ज्युदोत असं उचललं की पंच ‘मात्ते’ म्हणून थांबवतो, आणि जिउ-जित्सूत उचलून आपटणं नियमाबाहेर आहे. घरच्या सरावात पंच नसतो, म्हणून हे मित्राशी आधीच ठरवून घ्या. ज्युदोचा आणखी एक नियम ध्यानात ठेवा: हात आत नसताना नुसती मान पायांच्या कैचीत आवळली तर शिडो, म्हणजे दंड, मिळतो. मानेच्या मणक्यांसाठी तो नियम फार योग्य आहे. माझ्या पोरांना मी हे पहिल्या आठवड्यातच सांगतो.

पायाचा व्यायाम हवाच असेल तर आपल्या मातीतलाच आहे. गावात मल्लखांब असेल तर त्यावर चढा. खांब मांड्यांमध्ये आवळून अंग वळवताना जी ताकद आणि कंबरेची लवचिकता येते ती जिममधल्या यंत्रावर येत नाही. आमच्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे आणि त्यांच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. एवढा वारसा दाराशी असताना पोरं प्रोटीनच्या डब्यांमागे धावतात, याचं मला वाईट वाटतं.

खाली काय अंथरता ते तुम्ही लिहिलेलं नाही. आखाड्यातल्या मातीत हा सराव चालतो, पण डोळ्यात आणि तोंडात माती जाते. आम्ही सुरुवातीला पोत्यांत गव्हाचं कुटार भरून शेजारी शेजारी मांडायचो, वर ताडपत्री ताणून बांधायची. तुरीचं कुटार घेऊ नका, त्यातल्या काड्या पोत्यातून टोचतात. सोयाबीनच्या कुटाराने खाज सुटते. एप्रिल-मे मध्ये दिवस उगवायच्या आत उरका, आपल्याकडच्या ४५ अंशांत पाणी कमी पडलेल्या अंगाला गळा आवळणं अजिबात सोसत नाही.

शिकवणारा नसताना करावं का, याचं उत्तर मी विचार करून देतोय. कोन घेणं, पाय बसवणं, कुलूप लावणं हे सगळं मित्रासोबत करा. शेवटचा दाब मात्र माहीतगार माणूस समोर असल्याशिवाय पूर्ण लावू नका. अंगावर, गादीवर, जिथे हात पोचेल तिथे टॅप झाला की त्याच क्षणी सोडायचं. हात अडकला असेल तर पायाने टॅप, नाहीतर तोंडाने ‘बस’ म्हणायचं. मित्र शांत झाला, हात सैल पडला, तर तो डाव सहन करतोय असं समजू नका. तो बेशुद्ध झालेला असू शकतो. पाय सोडा, त्याला सपाट निजवा, श्वास बघा. तोंडात पाणी ओतायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवायचा नाही. बहुतेक वेळा काही सेकंदांत माणूस डोळे उघडतो. अर्ध्या मिनिटात उघडले नाहीत तर १०८ ला फोन करा, आणि श्वासच चालत नसेल तर त्या अर्ध्या मिनिटाचीही वाट बघू नका. शुद्धीवर आला तरी त्या दिवशी पुन्हा सराव नाही.

आणखी एक गोष्ट मी विदर्भातल्या प्रत्येक पोराला विचारतो: सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली का? आपल्या भागात हा आजार बराच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. आजार निघाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चोकचा सराव, करणाऱ्याने किंवा करून घेणाऱ्याने, करायचा नाही. नुसता वाहक असला तरी उन्हात दमछाक आणि कमी पाणी टाळायचं. बीपीवाले, आधी फिट आलेले आणि मानेचा त्रास असलेले यांनीही चोकच्या सरावाआधी डॉक्टरांना विचारायचं.

गोगोप्लाटा तूर्त नको. त्यात नडगी समोरून घशावर येते आणि दाब श्वासनलिकेवर पडतो, तिथे इजा लवकर होते. शिवाय पाय स्वतःच्या चेहऱ्याजवळ आणण्याइतकी कंबर मोकळी लागते, नाहीतर सगळा ताण गुडघ्यावर जातो. शिन्या आओकीसारख्या अफाट लवचिक माणसाने तो मोठ्या लढतीत लावला म्हणून आपल्याला सोपा पडेल असं नाही. जाड मांडीच्या माणसाला तर तो आणखी अवघड.

यवतमाळला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन ज्युदो कुठे चालतं ते विचारा. ज्युदो शालेय स्पर्धांत आहे, त्यामुळे शिकवणाऱ्यांची नावं तिथे मिळतात. जमिनीवरचा खेळ चांगला शिकवणारा मिळाला तर आठवड्यातून एकदा गेलात तरी फरक पडेल. तोवर मित्राला मोबाइलवर बाजूने चित्रण करायला सांगा आणि बघा, मान निसटते तेव्हा तुमचं डोकं त्याच्या समोर आहे की कानाकडे. नडगी धरून वळल्यावरही सुटत असेल तर तो नेमका कोणत्या हाताने काय करतो ते इथे खाली लिहा, मी उत्तर देईन.