गेटपासून पोर्चपर्यंत गाडीच्या वाटेला काय घालावं: पेव्हर, काँक्रीट की जांभा?

तुम्ही लिहिलंय की चिपळूणजवळ घर बांधून झालंय, गेट ते पोर्च ४० फूट लांब आणि १० फूट रुंद वाट आहे, उतार घराच्या दिशेने आहे. दिसायला छान हवं आणि सारखं सारखं दुरुस्त करायला लागू नये, एवढी अपेक्षा. माझं घर संगमेश्वर तालुक्यात आहे, वाटही जवळपास एवढीच, आणि हे काम मी दोनदा करून घेतलंय. त्यामुळे आधी सरळ सांगतो: पेव्हर ब्लॉक घ्या, आणि रंग-डिझाइन बघण्याआधी त्यांच्या खाली काय जाणार ते ठरवा.

पहिल्या वेळी माझे ब्लॉक चांगले होते. मे महिन्यात पाऊस तोंडावर आला म्हणून घाई झाली. सोलिंग, म्हणजे तळाला दगडांचा थर केला, त्यावर थेट वाळू पसरली आणि ब्लॉक बसवून मोकळे झालो. जुलैत गाडी आत घेताना चाकाखाली टक् टक् आवाज यायला लागला. गणपतीपर्यंत दोन्ही चाकोऱ्या दोन बोटं खाली गेल्या होत्या आणि त्यांत पाणी साचत होतं. पाऊस ओसरल्यावर मी पहारीने एक ब्लॉक उचकटला. खाली वाळूचा थर जवळजवळ नव्हताच. सोलिंगच्या दगडांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी दिसत होत्या आणि वाळू पाण्याबरोबर त्या फटींत उतरली होती. ब्लॉक मात्र काल आणल्यासारखा कोरा.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढं पाणी सांध्यांतून आत जाणारच, ते वाळू घेऊन जाणार नाही एवढं आपल्याला बघायचं असतं. म्हणून दुसऱ्या वेळी वरची सैल माती काढून तळ रोलरने दाबला, मग ६ इंच सोलिंग, त्यावर बारीक खडी आणि मुरूम पसरून पाणी मारत पुन्हा रोलर. सोलिंगची एकही फट उघडी दिसेनाशी झाल्यावरच वर सव्वा इंच जाडीचा भरड क्रश सँडचा, म्हणजे दगड दळून केलेल्या वाळूचा, थर घेतला. वाळू यापेक्षा जाड घालू देऊ नका. खालचे खड्डे वाळूने भरून लेव्हल काढायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, आणि पुढे जमीन बसते ती तिथेच.

दुसरी गोष्ट कडांची. दोन्ही बाजूंना काँक्रीटमध्ये पक्का बसवलेला कर्ब, म्हणजे कडेचा उभा ठोकळा, हवा. तो नसेल तर बाहेरची ओळ हळूहळू गटाराकडे सरकते, सांधे उघडतात आणि मग आतलेही ब्लॉक हलायला लागतात. मांडणी माशाच्या काट्यासारखी आडवी-उभी करा, गवंडी तिला हेरिंगबोन म्हणतात. सरळ ओळींमध्ये ब्रेक लागला किंवा चाक वळलं की अख्खी ओळ ढकलली जाते. आडव्या-उभ्यात ब्लॉक एकमेकांना धरून राहतात.

भारतीय मानक १५६५८ च्या २००६ च्या आवृत्तीत हलक्या वाहतुकीसाठी ६० मिलिमीटर जाड, एम-३५ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे काँक्रीटच्या मजबुतीचा दर्जा) ब्लॉक सांगितला होता, मध्यमसाठी ८० मिलिमीटर आणि एम-४०. नुसती कार असेल तर ६० पुरतो. पण आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आत येतो, कधी चिऱ्याची गाडी येते, म्हणून मी ८० घेतले. २०० बाय १०० मिलिमीटरचे ब्लॉक तुमच्या ४०० चौरस फुटांना साधारण साडेअठराशे लागतील. तुटफूट धरून दोन हजार मागवा, उरलेले परसात रचून ठेवा. पुढे चार बदलायचे झाले तर नव्या लॉटचा रंग जुळत नाही.

जांभ्याचा मोह मलाही होता. आमच्या वाडीतली जुनी पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, जांभ्याचीच आहे आणि पावसाळ्यात ती इतकी सुंदर दिसते की नजर हटत नाही. पण पाखाडीवर माणसं चालतात. उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवलं की जांभा टायरखाली भरडला जातो, आणि फणसाच्या सावलीत त्यावर शेवाळ धरतं. कडेच्या पट्ट्यांना, पायऱ्यांना तो जरूर वापरा. लाल कड आणि मधे करडे ब्लॉक, आमच्याकडे तसंच आहे. स्टॅम्प काँक्रीट, म्हणजे साचा दाबून नक्षी उठवलेलं काँक्रीट, उतारावर नको. त्यावर मारलेलं सीलरचं लेपण ओलं झालं की निसरडं होतं, आणि एकदा फोडलं की ठिगळ कायम दिसतं. चकचकीत पार्किंग टाइल्सचा विचारही करू नका. साधं काँक्रीट मात्र वाईट नाही: ५ इंच जाड, दर १० फुटांवर सांधा, ओलं असताना उताराला आडवा झाडू ओढलेला, आणि निदान दहा दिवस पोती टाकून पाणी. पण उद्या पाण्याची लाइन टाकायची झाली तर ते फोडावं लागतं. ब्लॉक उचलून परत तिथेच बसवता येतात.

तुमचा उतार घराकडे आहे, ही मला सगळ्यात मोठी काळजी वाटते. पोर्चच्या अलीकडे वाटेच्या पूर्ण रुंदीत आडवं गटार घ्या, वर गाडी पेलेल अशी लोखंडी जाळी, आणि ते पाणी बाजूला कुठे जाणार ते आजच ठरवा. शिवाय वाटेलाही एका कडेकडे ढाळ द्या, १० फुटांना अडीच इंच. ब्लॉक बसवण्याआधी दाबलेल्या मुरमावर दोन-चार बादल्या ओतून पाणी कुठे वळतं ते स्वतः उभं राहून बघा. तेव्हा चुकलं तर तासाभरात नीट होतं.

काम दिवाळीनंतर काढा, मेपर्यंत ओढू नका. ब्लॉक बसल्यावर सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडून भरायची, प्लेट व्हायब्रेटर (थरथरून ब्लॉक दाबून बसवणारं यंत्र) फिरवायचा, परत वाळू भरायची. पहिल्या पावसाळ्यात ती खाली बसते, तेव्हा दसऱ्याच्या साफसफाईत एक पोतं वाळू आणून सगळे सांधे पुन्हा भरून घ्या.