स्वतःच्या स्टुडिओत आसपासच्या मुलांसाठी छोटी कलाशाळा काढायची आहे. सुरुवात कुठून करू?

मी वाईत राहतो. घरामागच्या १२ बाय १८च्या खोलीत, म्हणजे माझ्याच स्टुडिओत, सहा वर्षं रविवारची शाळा चालवतोय. ‘शाळा’ हा शब्द मुलांचा, मी अजून पाटीही लावलेली नाही. तुम्हीही घाई करू नका. देणग्या घ्यायची वेळ आली की ट्रस्टसाठी धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहेच. “मान्यता आहे का?” असं कोणी विचारलं तर सांगा, चित्रकार सा. ल. हळदणकरांनी १९०८ साली मुंबईत काढलेला वर्गही खासगीच होता.

आधी जमिनीवर खडूची रेघ मारा. पलीकडे तुमचं ईझल, तुमचे रंग. मी पहिल्या महिन्यात हे केलं नाही आणि एका सात वर्षांच्या बाईसाहेबांनी माझ्या अर्धवट निसर्गचित्रातल्या नदीत केशरी बदक सोडलं. (बदक वाईट नव्हतं.) पण म्हणून कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवू नका. मोठा माणूससुद्धा एकच कोपरा चार वेळा खरवडतो, हे मुलांना शाळेत बघायला मिळत नाही.

पहिल्या रविवारी एक जण ४८ रंगांची पेटी घेऊन आला आणि त्याच्या शेजारची तुटके तेलखडू. दुसऱ्या रविवारपासून घरचे रंग बंद केले. पोस्टर कलरच्या मोठ्या बाटल्या आणल्या, सहाच रंगांच्या: पिवळा, लाल, क्रिमसन, अल्ट्रामरीन, काळा, पांढरा. हिरवा हवाय? कालव. पांढरा दुप्पट आणा, तोच आधी संपतो. फी महिना ३०० रुपये. ज्यांना जमत नाही त्यांची यादी कुठेही लिहिलेली नाही, ती माझ्या डोक्यात असते. डाँकी (बसून चित्र काढायचं लाकडी बाक) करून घ्यायला सुताराकडे धावू नका, पाट आणि क्लिप लावलेले पुठ्ठे पुष्कळ झाले.

पालक येणार ते एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांसाठी, दहावीच्या वाढीव गुणांसाठी. नाक मुरडू नका, त्याच फीवर बाकीचं चालतं. स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन हे सगळं मी शनिवारी उरकतो. रविवार परीक्षेला द्यायचा नाही.

आमच्या कृष्णाकाठच्या ढोल्या गणपतीचं देऊळ सगळे समोरून काढतात. मी मुलांना मागे नेलं. पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून ती भिंत माशासारखी निमुळती बांधलीय. तीन रविवार आम्ही तीच काढत बसलो. तिसऱ्या दिवशी एका पोराने दगडावरच्या जुन्या ओलीच्या खुणेवर बोट टेकवलं, “सर, पाणी इथवर आलेलं. म्हणजे रंग इथून बदलायचा ना?” त्याच संध्याकाळी त्याच्या आईचा फोन: तीन आठवड्यांत एकच चित्र? हो ताई, एकच.

आणि ब्रश बादलीतच धुवायला लावा. बेसिनचा पाइप मी दोनदा उघडून बसलोय.