डेस्कटॉप प्रोग्राममध्ये मराठी बिलं दाखवायला लाइटएचटीएमएलसारखी हलकी लायब्ररी पुरेल का?

तुम्ही विचारलंय की सी++ मधल्या विंडोज प्रोग्राममध्ये बिलं आणि मदतीची पानं मराठीत, एचटीएमएलमधून दाखवायची आहेत, इलेक्ट्रॉनचा (प्रोग्रामबरोबर अख्खा ब्राउझर नेणाऱ्या चौकटीचा) बोजा नकोय, तर लाइटएचटीएमएल (एचटीएमएलची पानं मांडून देणारी छोटी लायब्ररी) घेऊ का. घ्या. एचटीएमएल तुमचं स्वतःचं असेल तर बिनधास्त घ्या. पण ही लायब्ररी एक अक्षरही स्वतः काढत नाही, हे पहिल्या दिवशीच लक्षात ठेवा. मराठीसाठी खरं काम तिथेच आहे आणि ते तुमच्याकडे येतं.

मी दूध संस्थांसाठी हिशेबाचा प्रोग्राम लिहितो. दर दहा दिवसांनी प्रत्येक उत्पादकाचं बिल निघतं: सकाळ-संध्याकाळ मिळून 20 ओळी, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम, खाली कपाती. संस्थेतला संगणक बहुतेक वेळा जुना, 2 जीबी मेमरीचा, त्यावर विंडोज 7. इलेक्ट्रॉनने 23 व्या आवृत्तीपासून विंडोज 7 सोडलं. वेबव्ह्यू2 ची (प्रोग्राममध्ये एज ब्राउझर बसवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या घटकाची) त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती 109. चार रकाने दाखवायला अख्खं क्रोमियम (या दोन्हींच्या आतलं ब्राउझर-इंजिन) बरोबर नेणं मला तेव्हाही पटलं नव्हतं.

लाइटएचटीएमएलचं काम असं चालतं. गूगलने 2013 साली खुला केलेला गुंबो पार्सर एचटीएमएल वाचतो, लायब्ररी सीएसएस (पान कसं दिसावं याचे नियम) लावते आणि कुठला शब्द कुठे बसेल ते ठरवते. बाकी सगळं ती तुम्हाला विचारते. तुम्ही डॉक्युमेंट-कंटेनर नावाचा क्लास लिहायचा. हा फॉन्ट तयार कर, हा शब्द किती रुंद आहे सांग, तो इथे काढ, ही रेघ मार, हे चित्र आण, अशी एकेक मागणी त्या क्लासकडे येते. जावास्क्रिप्ट नाही, स्क्रोलबार नाही, माउसने मजकूर निवडता येत नाही. खिडकीचा आकार बदलला की नव्या रुंदीने रेंडर (मांडणी करणारं फंक्शन) पुन्हा बोलवायचं.

माझी चूक शब्द काढण्यात झाली. तेच बिल लिनक्सवरही हवं होतं, म्हणून मी फ्रीटाइपने (फॉन्टमधून अक्षराचं चित्र काढणारी लायब्ररी) एकेक कोडपॉइंटचं, म्हणजे युनिकोडमधल्या एकेका चिन्हाचं, चित्र काढून शेजारी शेजारी मांडत गेलो. इंग्रजी पान सुरेख दिसलं. मग पहिलं खरं बिल उघडलं, नाव होतं ‘निर्मला’. युनिकोडमध्ये आधी न येतो, मग पहिली वेलांटी. मी त्याच क्रमाने काढत होतो, त्यामुळे वेलांटी न च्या आधी न बसता त्याच्या नंतर, र च्या डोक्यावर गेली. रफार झालाच नाही, पाय मोडका र तसाच उभा राहिला. संस्थेच्या सचिवांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, “हे नाव छापून बाईंच्या हातात कसं देऊ?” ते बरोबरच होते. वर्षभर पहाटे उठून दूध घालणाऱ्या माणसाचं नाव बिलावर मोडकं असणं मला आजही सहन होत नाही.

यावर उपाय म्हणजे शेपिंग: चिन्हांच्या क्रमावरून जोडाक्षरं, रफार, वेलांट्या योग्य जागी बसवणं. फक्त विंडोज हवं असेल तर जीडीआयने (विंडोजची चित्र-मजकूर काढायची जुनी सोय) मजकूर काढा, ते आतून युनिस्क्राइब या विंडोजच्याच शेपिंगच्या भागाकडून जोडाक्षरं जुळवून घेतं. विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे चालायला हवं असेल तर हार्फबझ ही शेपिंगची लायब्ररी घ्या. क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस, अँड्रॉइड सगळ्यांत तेच आहे. त्याला लिपी देवनागरी आणि भाषा ‘एमआर’ (मराठीचा कोड) अशी स्पष्ट सांगा. लाइटएचटीएमएल शब्द काढायला सांगताना भाषा कळवत नाही, म्हणून कंटेनरमध्ये ती तुम्हीच ठरवायची. काही फॉन्टांत मराठी वळणाचा ल आणि श वेगळा ठेवलेला असतो. भाषा सांगितली नाही तर हिंदी वळण येतं. लायब्ररी मजकूर मोकळ्या जागांवर तोडून शब्दाशब्दाने देते, पण देवनागरीत जोडणी शब्दाबाहेर जात नाही, त्यामुळे तिथे अडचण नाही.

आणि रुंदी मोजणारं फंक्शन व शब्द काढणारं फंक्शन, दोघांनी शेपिंगचा एकच निकाल वापरलाच पाहिजे. मी आधी फक्त काढणं सुधारलं, मोजणं जुनंच ठेवलं. ‘रक्कम’ मोजताना दोन सुटे क धरले जायचे आणि काढताना जोडलेला क्क यायचा, म्हणून प्रत्येक जोडाक्षरी शब्दापुढे भोक पडायचं आणि उजवीकडे लावलेले रकाने डळमळायचे. निकाल शब्द आणि फॉन्टनुसार साठवून ठेवा. बिलात तेच तेच शब्द आणि आकडे फिरून येतात, जुन्या मशीनवर फरक लगेच जाणवतो.

उंचीचाही असाच घोळ होतो. फॉन्ट तयार करताना त्याची वरची-खालची मापं तुम्हीच परत द्यायची असतात. मुख्य फॉन्ट इंग्रजी आणि देवनागरी दुसऱ्या फॉन्टमधून येत असेल, तर इंग्रजीची मापं दिल्यावर वर रफारावरचा अनुस्वार आणि खाली ऊकार कापला जातो. दोन्हींतली मोठी मापं द्या. त्याहून बरं म्हणजे फॉन्ट प्रोग्रामबरोबरच पाठवा. नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता, दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. विंडोज 7 वर मंगल असतो, निर्मला यूआय विंडोज 8 पासून आला, त्यामुळे सिस्टीमच्या भरवशावर राहिलात तर दोन मशीनवर दोन बिलं दिसतील. सीएसएसमध्ये अक्षरांतलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते.

एक गोष्ट सहज निसटते. जुन्या डेटात ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप केलेला सापडतो: कुठे नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, कुठे साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा जोडक. मजकूर साफ करताना ‘न दिसणारी चिन्हं काढा’ असं लिहिलं असेल तर दुसऱ्या प्रकारातला जोडक उडतो आणि शब्द ‘दुसर्या’ होतो. तो जोडक राहू द्या. नावातली अँडची (&) आणि लहान-मोठ्याच्या (<, >) खुणा मात्र एचटीएमएलमध्ये घालण्यापूर्वी एस्केप कराच, म्हणजे त्या एचटीएमएलच्या खुणा समजल्या जाणार नाहीत अशा रूपात लिहा.

मजकूर बाहेरून, म्हणजे ईमेल किंवा कुठल्याही संकेतस्थळावरून येणार असेल तर माझं उत्तर थोडं बदलेल. क्लॉज मेल या ईमेल प्रोग्राममध्ये लाइटएचटीएमएलचा प्लगइन आहे, म्हणजे ईमेलसाठी अशक्य नाही. चित्र आणायची विनंतीही तुमच्याच कंटेनरकडे येते, तेव्हा नेटवर जायचंच नाही असं ठरवता येतं. पण हवं ते कोणतंही पान जसंच्या तसं दिसेल ही अपेक्षा धरू नका. प्रोग्राम क्यूटीत (खिडक्या-बटणं बनवायची सी++ लायब्ररी) असेल तर आधी तिच्यातलाच क्यूटेक्स्टब्राउझर वापरून पाहा. त्याला एचटीएमएलचा थोडाच भाग कळतो, पण जोडाक्षरं तो नीट काढतो आणि साध्या मदतपानांना तेवढं पुष्कळ होतं.

छपाईसाठी वेगळं काही लिहावं लागत नाही. तोच डॉक्युमेंट प्रिंटरच्या मापाने पुन्हा रेंडर करायचा आणि माध्यम ‘प्रिंट’ सांगायचं, म्हणजे छपाईचे सीएसएस नियम लागू होतात. पानं मात्र तुम्हालाच तोडावी लागतील. मी एका पानावर एकच बिल ठेवतो, म्हणून माझं निभावलं. तुमच्या याद्या लांब असतील तर ओळींची उंची मोजून प्रत्येक पानाचा वेगळा डॉक्युमेंट करा. सुरुवात करताना ‘निर्मला’, ‘दुसऱ्या’, ‘रक्कम’, ‘वर्षांचा’ आणि ‘मूर्ती’ एवढे पाच शब्द एका तक्त्यात टाका, आणि ते स्क्रीनवर व कागदावर सारखे उमटेपर्यंत बाकी कशाला हात लावू नका.