‘डे’ आणि ‘दिवस’: भाऊबंद नव्हेत

इंग्रजी ‘डे’ची व्युत्पत्ती शोधताना नवखा हमखास ‘दिवस’पाशी जाऊन थांबतो. तिथेच फसगत होते. संस्कृत ‘द’समोर इंग्रजीत ‘ट’ येतो: द्वि–टू, दश–टेन. ‘डे’त ‘ड’ आहे, म्हणजे घराणंच वेगळं. आजच्या उच्चारावर विसंबू नका, आधी जुनं रूप काढा. जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या शेवटी ‘ग’ लिहीत. जर्मन ‘टाग’मध्ये तो अजून शाबूत आहे. ‘दिवस’चा खरा नातलग लॅटिन ‘दिएस’. आणि गंमत बघा, तेच रक्त ‘ट्यूझडे’च्या पहिल्या अर्ध्यात सापडतं: तो टिव देवाचा वार, आणि ‘टिव’ व आपला ‘देव’ एकाच मुळाचे. डेझी फुलाचं नाव मात्र ‘डे’वरूनच, ‘दिवसाचा डोळा’. सकाळी उमलतं ना!