पन्हाळ्यावरच्या जांभ्या दगडात दिसतात त्या बोटाएवढ्या नळ्या म्हणजे समुद्री किड्यांची जीवाश्म बिळं का?

नाही, ती बिळं नाहीत. कोल्हापूरचा काळा दगड हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि जांभा हा तोच दगड जमिनीवर, पावसापाण्यात कुजून झालेला. त्यातल्या नळ्या पाण्यानं माती-खनिजं वाहून नेल्यानं पडतात. समुद्रतळाचा यात संबंध नाही. खरी बिळं गाळाच्या खडकात बघायची. कच्छमधल्या ज्युरासिक वालुकाश्मात ती भरपूर आहेत. त्यातलं 'ऑफिओमॉर्फा' नावाचं बीळ एकदा पाहिलं की विसरत नाही: आतून गुळगुळीत, बाहेरून मक्याच्या कणसासारखं दाणेदार. वाळू ढासळू नये म्हणून कोळंबीच्या जातीतल्या प्राण्यानं चिखलाच्या गोळ्या थापून केलेला हा गिलावा. अशा बिळांवरून तळाची हालहवाल कळते:

- सरळ उभी बिळं: बहुधा लाटांची उसळ, सरकती वाळू
- आडवी, नागमोडी: शांत पाणी, चिखलातच खाणं
- इंग्रजी यू अक्षरासारखी, आत कमानींच्या रेघा: वर गाळ साचला की प्राणी बीळ वर सरकवतो, तळ खरवडला की खाली, रेघा त्याच्याच

मात्र बिळावरून प्राण्याचं नाव ठरवायला जाऊ नका. एकच प्राणी दोन तऱ्हेची बिळं करतो, आणि दोन वेगळे प्राणी हुबेहूब एकसारखी. म्हणून शास्त्रज्ञ बिळालाच वेगळं नाव देतात. ऑफिओमॉर्फा हे त्या गिलावा केलेल्या बिळाचं नाव, कोळंबीचं नव्हे.